मान धरलीय, वळत नाही: हातांनी होणाऱ्या उपचाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे कंबरेच्या खालोखाल जास्त माणसं मानेसाठी येतात. त्यातली बरीचशी वर्ष-दोन वर्षं दुखणं अंगावर काढून, दोन-तीन ठिकाणी शेक घेऊन, गळ्यात पट्टा घालून आलेली असतात. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या मानदुखीला आम्ही जुनाट म्हणतो, आणि इथे लिहिलेलं मुख्यतः तिच्याबद्दल आहे. प्रश्न लोकांनी ज्या शब्दांत विचारले तसेच ठेवलेत.

मॅन्युअल थेरपी म्हणजे शेवटी मालिशच ना?

मालिश हा त्यातला एक छोटा तुकडा. थेरपिस्ट स्वतःच्या हातांनी तुमचे सांधे, स्नायू आणि नसांच्या आजूबाजूचा भाग ठरवून हलवतो, त्या सगळ्याला मिळून मॅन्युअल थेरपी म्हणतात.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती मोबिलायझेशन. मणक्याच्या एकाच सांध्यावर अंगठे ठेवून तो लयीत, हलके हलके ढकलायचा. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी या ढकलण्याच्या चार श्रेणी लावून दिल्या. पहिल्या दोन श्रेणींत सांधा अडतो तिथपर्यंत आपण जातच नाही, त्या दुखणं शमवायला. तिसरी आणि चौथी अडलेल्या जागेपर्यंत जाते, ती आखडलेपणासाठी. त्यापुढचा झटका म्हणजे मॅनिप्युलेशन, ज्यात कधी कधी ‘कट्’ असा आवाज येतो.

मला स्वतःला मानेसाठी जास्त आवडते ती न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची पद्धत. तिच्यात मी सांध्याला विशिष्ट दिशेने आधार देऊन धरते आणि मान तुम्ही स्वतः वळवता. त्या वेळी दुखता कामा नये हा तिचा पक्का नियम आहे. दुखलं तर माझा हात चुकीच्या जागी किंवा चुकीच्या दिशेने आहे, एवढा सरळ हिशेब. रुग्ण घाबरलेला असेल तर या पद्धतीने त्याचा जीव भांड्यात पडतो, कारण मान त्याच्याच ताब्यात असते.

एक्स-रेमध्ये ‘गॅप’ आलाय. हाताने तो गॅप भरतो का?

नाही. आणि भरायची गरजही बहुतेक वेळा नसते.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण ‘गॅप’ आणि ‘झीज’ या दोन शब्दांनी माणसं जितकी घाबरतात तितकी दुखण्यानेही घाबरत नाहीत. मानेत सात मणके. पहिल्या दोघांच्या मध्ये गादी (डिस्क) नसते, त्याखाली प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक. वयाबरोबर या गाद्यांतलं पाणी कमी होतं, त्या चपट्या होतात, मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढतात. रिपोर्टवर त्याला सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस लिहितात. आपल्याकडे बोलताना सर्रास ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात, पण त्याचा अर्थ मणक्यांना आलेली सूज, आणि तो आजार वेगळा.

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, विशीपासून सत्तरीपर्यंतचे. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी फुगलेली दिसली. पुन्हा सांगते, यांना दुखत नव्हतं. विशीतल्यांमध्येही बहुतेकांत ती दिसली. म्हणून रिपोर्टमध्ये काय लिहिलंय यावरून तुम्हाला किती दुखतंय हे कळत नाही, आणि झीज तशीच राहूनही मान मोकळी होऊ शकते. माझ्याकडच्या साठीतल्या किती तरी लोकांचं तसंच झालंय.

मग हाताने नेमकं होतं काय? मणका सरकलेला असतो तो जागेवर बसतो का?

मणका सरकलेला नसतो. खरोखर सरकला तर ते काम शल्यचिकित्सकाचं, माझ्या अंगठ्याचं नाही.

दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू त्याला जपायला घट्ट होतात. काही दिवसांसाठी ते ठीक. महिनोन् महिने तसंच राहिलं की मेंदू त्या दिशेची हालचालच धोक्याची मानायला लागतो आणि मान आधीच थांबवतो. सांध्याला लयीत हलवलं की तिथून मेंदूकडे वेगळे संदेश जातात, मज्जारज्जू आणि मेंदू दुखण्याचा आवाज कमी करतात, स्नायू ढिले पडतात. हा परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेवरचा आहे, हाडांच्या जागेवरचा नाही.

त्याला आणखी एक आधार आहे. मान दुखत असताना पाठीच्या वरच्या भागावर, म्हणजे खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये उपचार केला, तरी अनेकांची मान सुटते. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने मानदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, २०१७ साली त्या सुधारल्या. आखडलेल्या जुनाट मानेसाठी त्यात मानेवरच्या उपचाराबरोबर पाठीच्या वरच्या भागावरचा उपचार आणि व्यायाम, तिन्ही एकत्र सुचवलेत. मी तर नव्या, घाबरलेल्या रुग्णाची सुरुवात पाठीपासूनच करते. मानेला पहिल्या दिवशी हात कमी लावला तरी चालतं.

तो ‘कट्’ आवाज कसला?

सांध्यातल्या पाण्यासारख्या वंगणात एकदम पोकळी तयार होते, त्याचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. हाड मोडत नाही, नस सुटत नाही. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला, असंही नाही. झटका न देता केलेली मोबिलायझेशन मानेसाठी साधारण तितकीच उपयोगी ठरते, असंच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

फरक पडतो, पण टिकतो का?

हा खरा प्रश्न, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाची गोष्ट. एक रिक्षाचालक काका यायचे. मान उजवीकडे वळायची ३८ अंश. या वयात ६० तरी हवी. रिक्षा मागे घेताना त्यांना अख्खं धड फिरवून मागे बघावं लागायचं, त्यामुळे कंबरही दुखायला लागली होती. मी वीस मिनिटं उपचार केला, मोजलं तर ५२. काका खूश, मी खूश. तीन दिवसांनी परत आले, पुन्हा ४०. परत उपचार, परत ५०च्या वर, परत घसरण. असं पाच वेळा झालं. चूक माझी होती. मी हालचाल मिळवून देत होते आणि ती कुठे वापरायची हे सांगतच नव्हते. काका टेबलावरून उठायचे, रिक्षात बसायचे, आणि सवयीने अख्खं धड फिरवायचे.

सहाव्या वेळी उपचार झाल्यावर मी त्यांना थेट खाली रिक्षात नेलं. सीटवर बसवलं, छाती समोरच्या काचेकडे ठेवायला सांगितली आणि फक्त मान वळवून मागचा दिवा बघायला लावला. दहा वेळा. मग दर सवारीनंतर दोनदा, हा नेम. पुढच्या भेटीत ते ५० वर होते, महिनाभरात ६२.

हातांनी केलेल्या उपचाराचा परिणाम तासांत-दिवसांत मोजायचा असतो. त्या वेळात मिळालेली हालचाल तुम्ही रोजच्या कामात वापरली तर ती तुमची होते, नाही तर जाते. म्हणूनच अभ्यासांत एकट्या मॅन्युअल थेरपीपेक्षा ती आणि व्यायाम अशी जोडी जास्त भरवशाची ठरते. तुमचा थेरपिस्ट दर वेळी नुसतं झोपवून उपचार करून पाठवत असेल आणि काहीही करायला सांगत नसेल, तर त्याला विचारा. तुमचा तो हक्क आहे.

पहिल्या भेटीत काय होतं?

आधी बरंच बोलणं. कधीपासून, कशाने वाढतं, रात्री जाग येते का, हातात काही होतं का, कोणते आजार, कोणत्या गोळ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर न विचारता सांगा.

मग मोजमाप. मान किती वळते, वाकते, मागे जाते. हातांची ताकद, स्पर्श, हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया. रक्तदाबही मोजला पाहिजे. दहा प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, मानेमुळे वाचणं, गाडी चालवणं, झोप, काम किती अडतंय यावर. १९९१ पासून तो जगभर वापरतात. गुण शून्य ते ५०. दुखणं किती आहे हे आठवणीवर सोडलं की महिन्याने कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटी हाताने एकेक सांधा तपासणं. तुम्ही पालथे झोपता, मी अंगठ्याने दाबत खाली येते. मोकळा सांधा दाबल्यावर थोडा आत जातो आणि परत येतो, फळीवर ठेवलेल्या स्पंजासारखा. आखडलेला सांधा दाबला तर फळीच लागते, आणि तुम्ही तेव्हाच म्हणता, “हां, हेच.”

कोणी हा उपचार घेऊ नये?

हे नीट वाचा. खालच्यापैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग इकडे.

चालताना तोल जाणं, पाय जड वाटणं, शर्टाची बटणं लावताना किंवा भाजी निवडताना बोटं अडखळणं, लघवीवर ताबा न राहणं. ही मज्जारज्जू दाबला गेल्याची लक्षणं असू शकतात. यात दुखणं फारसं नसतं, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात, ‘वय झालं’ म्हणतात. अशा मानेला झटका देणं तर दूरच, आम्ही हातही लावत नाही, लगेच एमआरआयला पाठवतो.

पडल्यावर, अपघातानंतर, दुचाकीवरून फेकलं गेल्यावर सुरू झालेलं दुखणं. आधी फोटो काढून हाड शाबूत आहे हे बघायचं.

बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, विश्रांती घेऊनही न थांबणारं दुखणं. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो, आणि तो सुरुवातीला साध्या पाठदुखी-मानदुखीसारखाच वागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर तेही सांगा.

संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. यात पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध ढिला पडू शकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांतही तसंच. यांच्या मानेला झटका अजिबात नाही.

आणि सगळ्यात तातडीचं: पूर्वी कधीच नव्हतं असं मानेचं किंवा डोक्याचं अचानक, तीव्र दुखणं, त्यासोबत एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना अडकणं, चेहऱ्याचा एक भाग बधिर होणं, तोल जाणं. मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटल्याचं हे लक्षण असू शकतं. कोणाकडेही उपचाराला जाऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

मानेला झटका दिल्याने पॅरालिसिस होतो असं ऐकलंय. खरं का?

फार दुर्मीळ, पण खोटं नाही. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्याजवळ वळण घेतात. मान मागे आणि जोरात बाजूला फिरवली की तिथे ताण येतो, आणि रक्तवाहिनीचा आतला थर फाटला तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. किती झटक्यांमागे एकदा इजा होते, याचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय रक्तवाहिनी आधीच फाटलेल्या माणसालाच मान दुखू लागलेली असते आणि तो त्यासाठी उपचाराला आलेला असतो, असंही घडतं. म्हणून वरची तपासणी आधी.

माझं मत स्पष्ट आहे. झटक्याने जे मिळतं ते हळू मोबिलायझेशनने जवळपास तितकंच मिळत असेल, तर मानेच्या अगदी वरच्या भागाला मी झटका देत नाही. पाठीच्या वरच्या भागाला देते. दुसरे कुशल थेरपिस्ट मानेला देतात आणि जबाबदारीने देतात. पण तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. तुमची संमती घेतल्याशिवाय कोणीही तुमच्या मानेला झटका देऊ नये.

सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेतली तर बरं वाटतं.

बरं वाटतं हे मान्य. करू नका हेही तितकंच खरं. तिथे कोणी तुमचा रक्तदाब बघत नाही, हाडं ठिसूळ आहेत का विचारत नाही, आणि झटका एका सांध्याला नाही तर सगळ्या मानेला बसतो, तोही तुम्ही बेसावध असताना. २०१७ मध्ये दिल्लीकडे अशा मान मोडण्यानंतर एका माणसाच्या श्वासपटलाच्या (श्वास घ्यायला लागणाऱ्या मुख्य स्नायूच्या) नसा निकामी झाल्याची बातमी आली होती. पार्लरमध्ये बेसिनवर मान बराच वेळ मागे टाकून केस धुण्याबद्दलही १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत इशारे आहेत. बेसिनच्या कडेला टॉवेलची घडी घ्यायला सांगा, मान दुखायला लागली की उठा.

हाताला मुंग्या येतात, ‘नस दबलीय’ म्हणाले. ऑपरेशनच ना?

बहुतेकांना नाही. मानेतून निघणारी नस चिडली की खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. सुरुवातीचे काही आठवडे फार हाल होतात आणि रात्री झोप लागत नाही. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, असं अनेक जण स्वतःहून सांगतात, कारण त्याने नसेवरचा ताण कमी होतो. बरीच माणसं काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात. हळुवार मोबिलायझेशन, हाताने दिलेलं ट्रॅक्शन (मान हलकेच ओढून धरणं), नस मोकळी सरकावी म्हणून हाताच्या ठरावीक हालचाली यांची मदत होते.

पण हाताची ताकद कमी होत चालली असेल, कप निसटत असेल, दंड किंवा पंजा बारीक दिसू लागला असेल, तर थांबू नका. मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा.

डोकं दुखतं तेही मानेमुळेच असेल का?

असू शकतं. दुखणं एकाच बाजूला, मानेच्या मुळापासून सुरू होऊन डोळ्याच्या मागे येणारं, मान हलवल्यावर वाढणारं असेल तर शंका घ्यावी. एक सोपी चाचणी आम्ही करतो. हनुवटी छातीला टेकवून डोकं बाजूला फिरवायचं. मान पूर्ण वाकली की खालचे सांधे जवळपास बंद होतात आणि वळणं मुख्यतः वरच्या दोन मणक्यांत होतं. दोन्हीकडे साधारण ४४ अंश वळायला हवं. एकीकडे ते तीसच्या आसपास अडत असेल तर दुखण्याचा उगम तिथे असण्याची शक्यता बरीच वाढते.

या डोकेदुखीवर ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलेन जुल आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. सहा आठवडे मॅन्युअल थेरपी, किंवा मानेच्या आतल्या स्नायूंचे हलके व्यायाम, किंवा दोन्ही. डोकेदुखी कमी झाली आणि वर्षानंतरही तो फायदा टिकला होता. अर्धशिशी मात्र वेगळी. तिच्यात मानही दुखते, म्हणून गोंधळ होतो, पण तिचा मूळ उपचार न्यूरॉलॉजिस्टकडे.

मानेमुळे चक्कर येते का?

आपल्याकडे समजतात तितकी नाही. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद सगळं गरगर फिरत असेल तर बहुधा कानातले बारीक खडे जागा सोडून गेलेत. त्यासाठी डोकं विशिष्ट क्रमाने फिरवायची वेगळी पद्धत आहे आणि ती एक-दोन वेळातच लागू पडते. अशी किती तरी माणसं वर्षभर मानेला पट्टा लावून बसलेली मी पाहिली आहेत.

पट्टा घालू का? मशीनचा शेक?

पट्टा जुनाट दुखण्यात नको. सतत घातला की स्नायू आळशी होतात आणि मान आणखी आखडते. खाचखळग्यांचा लांबचा प्रवास असेल तर तेवढ्यापुरता चालेल.

गरम शेकाने बरं वाटतं, घरी जरूर घ्या. अल्ट्रासाउंड किंवा करंटच्या मशीनवर दहा-दहा दिवस पैसे आणि वेळ घालवण्याइतका आधार मला दिसत नाही. तो वेळ हातांना आणि व्यायामाला द्यावा.

किती वेळा यावं लागेल?

सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, एकूण सहा ते आठ भेटी. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत मोजमापात काहीच हललं नाही, तर तीच पद्धत रेटत राहण्यात अर्थ नाही. थेरपिस्टने पद्धत बदलावी किंवा पुढे पाठवावं. पहिल्याच दिवशी तीस भेटींचं पॅकेज विकलं जात असेल तर घेऊ नका.

उपचारानंतर जास्तच दुखलं. काही बिघडलं का?

जिमच्या पहिल्या दिवसानंतर अंग दुखतं तसं एक-दोन दिवस दुखू शकतं. शेक घ्या, हलकी हालचाल चालू ठेवा. दोन दिवसांनंतरही कमी होत नसेल, हातात नवी कळ आली असेल, किंवा वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी काही दिसलं, तर लगेच कळवा.

घरी काय करायचं?

तीन गोष्टी सांगते.

पहिली, ‘हो’ म्हणायची मान. उशीशिवाय उताणे झोपा. डोकं न उचलता, अगदी हळू, ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित खाली आणा. डोक्याचा मागचा भाग गादीवरून वरच्या दिशेने सरकल्यासारखा वाटेल. गळ्यावरचे मोठे स्नायू ताठ झाले तर जोर जास्त लागतोय. दहा सेकंद धरा, दहा वेळा. हा व्यायाम इतका हलका आहे की लोकांना तो व्यायामच वाटत नाही, आणि नेमका तोच सोडून देतात.

दुसरी, टॉवेलची. पातळ टॉवेलची कड दुखऱ्या सांध्यावर मागून घ्यायची, एक टोक छातीशी खाली धरायचं, दुसरं गालावरून डोळ्याच्या दिशेने ओढत त्याच बाजूला मान वळवायची. ही मुलिगन पद्धतीचीच घरगुती आवृत्ती. कोणतं टोक कोणत्या हातात, हे एकदा समोर बसून शिका, वाचून करू नका. दुखलं तर थांबा.

तिसरी, मागे खांदे ओढायचे, लवचिक पट्टीने किंवा जुन्या ओढणीने दार धरून. आठवड्यातून तीनदा. मानेला शेवटी ताकदच लागते.

माझं काम असं आहे की मान वाकवावीच लागते. काम सोडू का?

नाही. फॉल-पिको करणाऱ्या एका ताईंच्या घरी मी एकदा मुद्दाम गेले. मशीन खिडकीशी, उजेड डावीकडून, त्यामुळे सुई बघायला त्या दिवसभर मान डावीकडे कलती ठेवून वाकायच्या. साड्यांचा ढीग खाली जमिनीवर, दर वेळी झुकून उचलायचा. आम्ही मशीनच्या टेबलाखाली चार लाकडी ठोकळे घातले, सुईवर एक लहान दिवा लावला, साड्या स्टुलावर ठेवल्या. आणि दर दोन साड्यांनंतर उठून पाणी प्यायचं ठरवलं. कोणतीही एकच बैठक ‘बरोबर’ असते असं मला वाटत नाही. एकाच बैठकीत तासन् तास राहणं मानेला सोसत नाही.

मोबाइलबद्दल तेच. मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना आलेला असतो. तो २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यचिकित्सकांनी संगणकावरच्या मॉडेलवरून काढला होता, माणसांचं दुखणं मोजून नाही. मान वाकायलाच बनलीय. फोन जरा वर धरा, अधूनमधून मान सगळीकडे फिरवा, घाबरू नका.

उशी कोणती?

कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल इतकी जाड. उताणे असाल तर पातळ. पालथं झोपणं शक्यतो टाळा. महागड्या खास उशीची गरज बहुतेकांना नसते.

आई ७५ वर्षांची आहे. तिला चालेल?

चालेल, फक्त झटका नाही. हाडं ठिसूळ आहेत का, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हे सांगून हलकी मोबिलायझेशन आणि स्नायूंचं काम. बऱ्याच आजींना खुर्चीत बसूनच उपचार देता येतो. गरोदर स्त्रियांनाही बसून किंवा कुशीवर झोपवून.

हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर, फिजिओथेरपिस्ट: कोणाकडे जायचं?

गावाकडच्या हाडवैद्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांचे लचकलेले पाय आणि निखळलेले खांदे सांभाळलेत, त्यांच्या हातातलं कसब मी पाहिलंय. पण मान वेगळी. तिच्यातून मज्जारज्जू आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या जातात, आणि त्यांची तपासणी शिकल्याशिवाय तिथे जोर लावू नये. कायरोप्रॅक्टिक ही १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, मुख्यतः मणक्यांना हाताने झटका देऊन उपचार करणारी शाखा. तिकडे आणि इतर काही देशांत तिचं रीतसर शिक्षण आणि परवाना आहे. आपल्याकडे तिची तशी वैधानिक परिषद नाही, म्हणून पाटी बघून जाऊ नका, शिक्षण कुठे झालं ते विचारा. इन्स्टाग्रामवर मान मोडण्याचे व्हिडिओ टाकणारा प्रत्येक जण शिकलेला नसतो.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. आज काम करणाऱ्या बहुतेकांनी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलेली असते. त्यापुढे एमपीटी (पदव्युत्तर पदवी) किंवा मेटलंड, मुलिगन अशा पद्धतींचे कोर्स केलेत का, तेही विचारा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही.

बरं झाल्यावर पुन्हा उपटलं तर?

उपटतं. मानदुखी परत येण्याचं प्रमाण बरंच आहे, त्यात तुमची किंवा उपचाराची हार नाही. पहिले दोन-तीन दिवस शेक, जमेल तितकी हालचाल, टॉवेल. दोन आठवड्यांत सुटलं नाही तर या. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असेल, हातात कमजोरी असेल, तर वाट न बघता या.

त्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडे दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या आणि त्यांची मान पुन्हा धरली. या वेळी त्या आल्या नाहीत. कपाटातून टॉवेल काढला, दर दोन साड्यांनंतर उठायला लागल्या, आणि चौथ्या दिवशी मला फोन करून एवढंच विचारलं, की डावीकडे वळताना खालचं टोक कोणत्या हातात धरायचं.